सागराची घुसळण आणि पेढीचा हिशेब

ज्येष्ठ लागला की किन्हवलीच्या पेठेतील दुकानांची मांडणी बदलते. ताडपत्री, छत्र्या, भाताचे बियाणे आणि खताची पोती पुढे येतात. लग्नसराईचे सामान मागच्या खोलीत जाते. राब भाजून झालेले असतात. शेतकरी मृगाच्या सरींकडे डोळे लावून उधारीवर माल नेतो आणि ती उधारी भात झोडून घरात आल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे चुकती होते. मृग कोरडा गेला, आवणी लांबली, की वहीतील येणेही लांबते. पेढीचा मालक कितीही हुशार असला तरी त्याच्या रोजमेळावर अंतिम सत्ता पावसाचीच असते, हे शहापूर-मुरबाडच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ज्या तालुक्यातील तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, त्याच तालुक्यातील पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते.

अशा पेठेतील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. तीन पिढ्यांची किराणा व धान्याची पेढी. घरातील कन्या आसनगावहून लोकल गाठत शिकली, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पुढे सागरविज्ञानात पीएच.डी. झाली. पेढे वाटून झाले, मंदिरात पूजा झाली. आता नोकरी लागेल असे घरातील सर्वांनी धरून चालले असता ती सांगते, की दोन वर्षांसाठी एका संशोधन संस्थेत ‘पोस्टडॉक’ म्हणून जाण्याची संधी आली आहे आणि विषय आहे समुद्राच्या पाण्याची घुसळण.

दादाजी विचारतात, “बेटा, पीएच.डी. ही शेवटची पदवी ना? मग हे पुन्हा शिकणे कसले?”

ती म्हणते, “दादाजी, हे शिकणे नाही. पप्पांना गादीवर बसवण्याआधी तुम्ही दोन वर्षे दुसऱ्यांच्या पेढीवर उमेदवारीला ठेवले होते ना, तसे हे आहे.”

उत्तर अचूक आहे. पोस्टडॉक ही पदवी नाही. तिची परीक्षा नसते आणि दीक्षान्त समारंभही नसतो. पीएच.डी.मध्ये विद्यार्थी एका मार्गदर्शकाच्या हाताखाली एक प्रश्न सोडवतो. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत तो दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या पद्धतीने, मानधन घेऊन स्वतंत्रपणे काम करू शकतो की नाही, हे ठरते. विद्यापीठे आणि राष्ट्रीय संस्था कायम पदासाठी उमेदवार निवडताना प्रामुख्याने याच काळातील कामाकडे पाहतात. जुन्या व्यापारी घरांनी हीच रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली, केवळ तिला इंग्रजी नाव दिले नाही.

राहिला विषय. पाणी घुसळण्यात संशोधन करण्यासारखे काय आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर किन्हवलीच्या पावसापर्यंत येऊन पोहोचते, म्हणून ते थोडे विस्ताराने पाहणे युक्त ठरेल.

समुद्राच्या वरच्या केवळ तीनेक मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, तेवढी त्यावरील संपूर्ण वातावरणात मावते. म्हणजे उष्णतेची खरी तिजोरी समुद्र आहे. हवा हे फार तर गल्ल्यातील रोख. उन्हाने पृष्ठभाग तापतो आणि वारा, लाटा व भरती-ओहोटी यांच्यामुळे ते तापलेले पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळते. ही मिसळण्याची क्रिया सुबक प्रवाहांनी होत नाही. ती होते लहान-मोठ्या भोवऱ्यांच्या गोंधळातून. मोठा भोवरा लहान भोवऱ्यांत फुटतो, ते आणखी लहानांत, आणि शेवटी बोटाच्या पेराएवढ्या पातळीवर त्याची शक्ती विरून जाते. यालाच शास्त्रज्ञ संक्षोभ म्हणतात. ताक घुसळताना रवीभोवती जे दिसते, तेच येथे शेकडो मैल पसरलेले असते.

आता बंगालच्या उपसागराकडे वळावे. भातसा धरण काठोकाठ भरले की त्यात साधारण एक घन किलोमीटर पाणी असते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षभरात अशी हजाराहून अधिक भातसा भरतील इतके पाणी त्या उपसागरात आणून ओततात. महानदी, गोदावरी, इरावती यांचे वेगळेच. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते वर तरंगते आणि पातळ सायीसारखा थर धरते. ही साय मोडण्यास वाऱ्याला फार शक्ती लागते. त्यामुळे खालचे थंड पाणी सहजासहजी वर येत नाही आणि पृष्ठभाग उबदार राहतो. उलट अरबी समुद्रात नद्यांचे पाणी कमी, बाष्पीभवन अधिक, क्षारता जास्त. जून-जुलैमध्ये जोराचे नैर्ऋत्य वारे तेथील पाणी खोलवर घुसळतात आणि पृष्ठभाग लक्षणीय थंड होतो. पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सियसच्या वर असले तरच समुद्रावर उंच, पावसाचे ढग जोमाने उभे राहण्याची शक्यता असते. उपसागर ती पातळी पावसाळाभर बहुतांशी टिकवतो, म्हणून तेथे एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे जन्मतात. ती पश्चिमेकडे सरकू लागली की अरबी समुद्रावरून येणारे वारे बळावतात आणि सह्याद्रीच्या या बाजूला मुसळधार कोसळतो. शहापूरच्या भाताचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो हे खरे, पण त्याला ओढून घेणारा हात पुष्कळदा दूर पूर्वेला असतो.

ही गोष्ट तत्त्वतः समजणे निराळे आणि मोजणे निराळे. पावसाचे भाकीत करणाऱ्या संगणकीय प्रतिमानांत समुद्राची एकेक चौकट कित्येक किलोमीटर रुंद असते. घुसळण मात्र बोटभर अंतरावर चालते. चौकटीत ती दिसूच शकत नाही. मग तिच्याऐवजी एखादा नियम, एखादे सूत्र घालावे लागते आणि ते सूत्र चुकले की पृष्ठभागाचे तापमान चुकते, ढग चुकतात, पाऊस चुकतो. सूत्र सुधारायचे तर समुद्रात जाऊन मोजावे लागते. त्यासाठी सैल तारेला बांधलेले, सावकाश खाली पडत जाणारे उपकरण वापरतात. त्याच्या टोकावरील नाजूक संवेदक सेंटिमीटरभर अंतरातील वेगाचा व तापमानाचा फरक टिपतात. काही उपकरणे नांगरलेल्या तारेवर वर्षभर टांगून ठेवतात. २०१३ पासून भारताचा ‘ओशन मिक्सिंग अँड मान्सून’ हा कार्यक्रम आणि अमेरिकेचा ‘एसिरी’ हा उपक्रम यांनी मिळून बंगालच्या उपसागरात अशी मोजमापे केली. भारताची ‘सागर निधी’ आणि अमेरिकेची ‘रॉजर रेव्हेल’ ही जहाजे त्यात होती. डिसेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उपसागराच्या उत्तर भागात एक उपकरणमाला नांगरून ठेवलेली होती. पावसाळ्याचे गोडे पाणी येऊन पसरल्यावर पुढे कित्येक महिने खालची घुसळण अगदी मंदावते, हे अशा नोंदींतून आकड्यांनिशी दिसले. अरबी समुद्रासाठी पुढे ‘एकमसॅट’ हा भारत-अमेरिका संयुक्त उपक्रम हाती घेण्यात आला. एका मोहिमेतून आलेल्या नोंदी उलगडण्यास वर्षे लागतात आणि ते काम करतात बहुतांशी पीएच.डी. नुकतीच संपवलेले तरुण. कन्येला आलेली संधी म्हणजे नेमके हेच काम.

जैन घरांना समुद्र परका नाही. चैत्र आणि आश्विनातील ओळीत श्रीपाळ-मयणेची कथा वाचली जाते. धवल शेठची जहाजे बंदरात अडून बसतात, श्रीपाळ नवपदांचे स्मरण करून ती मोकळी करतो आणि पुढे विश्वासघाताने समुद्रात ढकलला जाऊन ठाण्याच्या किनाऱ्याला लागतो. ठाण्यातील टेंभी नाक्यावरचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते, ते या कथेच्या आठवणीने. कथेतील अडलेल्या जहाजांचा विज्ञानाशी बळेच सांधा जोडू नये; श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी शोभते. परंतु वारा-यंत्र ठीक असताना जहाज अडते, हा खलाशांचा अनुभव मात्र खरा आहे. १८९३ मध्ये नॉर्वेचा संशोधक नान्सेन याचे ‘फ्राम’ हे जहाज सायबेरियाच्या किनाऱ्याजवळ असेच रेंगाळले. समुद्र शांत, यंत्र चालू, आणि गती जवळजवळ नाही. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून होते. त्याचा उलगडा केला स्वीडनच्या एकमान या तरुणाने. त्याने टाकीत दोन थरांचे पाणी भरून त्यात जहाजाची लहान प्रतिकृती ओढून पाहिली. जहाजाची शक्ती दोन थरांच्या सीमेवर, वरून न दिसणाऱ्या लाटा उठवण्यात खर्च होत होती. एकमानची पीएच.डी. १९०२ मधील, हे संशोधन प्रसिद्ध झाले १९०४ मध्ये. मधल्या काळात तो ऑस्लोच्या एका आंतरराष्ट्रीय सागरी प्रयोगशाळेत साहाय्यक होता. आजच्या भाषेत त्याला पोस्टडॉकच म्हटले असते. गोड्या पाण्याचा थर हा त्याचा प्रश्न आज बंगालच्या उपसागरात पुन्हा उभा आहे.

मराठी घरातील उदाहरण हवे असेल तर सुलोचना गाडगीळ यांचे पाहावे. जन्म पुण्याचा, शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुणे विद्यापीठात. १९७० मध्ये हार्वर्डची पीएच.डी. आणि तिचा विषय अटलांटिकमधील गल्फ स्ट्रीम या प्रवाहाची वळणे. मान्सूनशी त्याचा दुरूनही संबंध नव्हता. पुढे काही काळ एमआयटीत संशोधन करून त्या १९७१ मध्ये पती माधव गाडगीळ यांच्यासह भारतात परतल्या, तेव्हा पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत त्यांना मिळाली ती ‘पूल ऑफिसर’ची तात्पुरती नेमणूक. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायम जागा मिळेपर्यंत आधार असावा म्हणून १९५८ मध्ये ही योजना सुरू झाली होती. कायम पदाची खात्री नसलेली ती वर्षे वाया गेली काय? १९७३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. पुण्याच्या संस्थेतील डी. आर. सिक्का यांच्यासमवेत १९८० मध्ये त्यांनी दाखवून दिले, की पावसाळी ढगांचा पट्टा विषुववृत्तीय समुद्रावरून वारंवार उत्तरेकडे सरकत भूमीवर येतो. वर उल्लेख केलेल्या २८ अंशांच्या मर्यादेकडे १९८४ मध्ये लक्ष वेधणाऱ्या संशोधकांतही त्या होत्या. पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि त्यांचे गणितज्ञ पुत्र सिद्धार्थ यांनी हिशेब मांडला, की तीव्र दुष्काळाच्या वर्षी देशाच्या एकूण उत्पन्नाला बसणारा फटका स्वातंत्र्यानंतरच्या दशकांतही २ ते ५ टक्क्यांच्या दरम्यानच राहिला. शेतीचा वाटा घटला म्हणून तो नाहीसा झाला नाही. पेढीवर बसणाऱ्याला हा निष्कर्ष नवा वाटणार नाही. पण जाणवणे आणि आकडा मांडून दाखवणे यांत नावे-जमेइतका फरक असतो.

आता पैशाचा विचार, कारण घरात अखेर बोलणे तेथेच येऊन थांबते. शासकीय प्रकल्पांतील रिसर्च असोसिएटचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून श्रेणीनुसार दरमहा ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे असे आहे. म्हणजे तळाच्या श्रेणीत वर्षाला ६,९६,००० रुपये अधिक घरभाडे. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. ती पूर्वी ‘सर्ब’ देत असे, आता तिची जागा घेतलेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन देते. ‘इन्स्पायर फॅकल्टी’ ही पाच वर्षांची, दरमहा १,२५,००० रुपयांची आणि वर्षाला सात लाखांच्या संशोधन अनुदानाची योजना आहे. तिच्यासाठी चढाओढ अर्थातच मोठी असते. अमेरिकेतील वुड्स होल या सागरविज्ञान संस्थेची पोस्टडॉक्टरल स्कॉलर नेमणूक अठरा महिन्यांची असते. युरोपातील मेरी क्युरी फेलोशिपसाठी पीएच.डी.पासून आठ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि तोही यजमान संस्थेच्या साथीने. देशात या विषयाची ठिकाणे मोजकी पण भक्कम आहेत: गोव्याला दोना पावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादचे इन्कॉइस, चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, पुण्याची उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था.

सी.ए. झालेला चुलत भाऊ याहून अधिक मिळवत असेल. मान्य करावे. त्याला भविष्यनिर्वाह निधी असेल, पगाराची पावती असेल, त्या पावतीवर गृहकर्ज मिळेल. फेलोशिपवर बहुधा यांतील काहीच नसते आणि रक्कम कधी कधी काही महिने उशिरा जमा होते, ही तरुण संशोधकांची जाहीर तक्रार आहे. म्हणून निघताना चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा. शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर आणखी एक गोष्ट विसरली जाते. अशा कर्जाची सवलतीची मुदत सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यापासून एक वर्षाची. पोस्टडॉक हा अभ्यासक्रम नसल्याने ती मुदत त्याच्यासाठी वाढत नाही, आणि हप्ता ऐन फेलोशिपच्या काळात सुरू होतो. पहिली रक्कम हाती पडण्याआधी बँकेत जाऊन हप्त्याची तारीख विचारून घेणे हे अपमानाचे नाही, शहाणपणाचे आहे. नवे कर्ज काढून पोस्टडॉक करणे मात्र सर्वथा टाळावे. ज्या नेमणुकीतून उदरनिर्वाह होत नाही, ती नेमणूक नव्हे.

समाजाच्या शिष्यवृत्ती निधींनी येथे थोडा विचार करावा असे वाटते. त्यांचे अर्ज बहुधा बारावी, अभियांत्रिकी, वैद्यक आणि सी.ए. एवढ्यावर थांबतात. पीएच.डी.नंतरच्या विद्यार्थ्याला लाखोंची देणगी नको असते. विमानाचे तिकीट, घराची अनामत आणि पहिल्या तीन महिन्यांचा खर्च एवढी बिनव्याजी, परतफेडीची उचल पुरते. ती बुडण्याचा धोकाही फार नाही.

आणि हेही सांगितले पाहिजे, की प्रत्येक पोस्टडॉकला कायम पद मिळत नाही. पदे थोडी, उमेदवार पुष्कळ. एकामागून एक दोन-दोन वर्षांच्या नेमणुका घेत चाळिशीला पोहोचलेले विद्वान सर्व देशांत आढळतात. म्हणून आरंभीच मर्यादा आखावी: दोन नेमणुका, त्यापुढे नाही. आकडेशास्त्र आणि संगणकीय प्रतिमाने हाताळण्याची सवय हवामान-सेवा, विमा, ऊर्जा अशा क्षेत्रांतही उपयोगी पडते, तेव्हा परतीची वाट बंद नसते. स्थळे पाहताना कन्येच्या माहितीपत्रात ही दोन वर्षे झाकून ठेवू नयेत. ज्या घराला ती नको असतील त्या घराला ते आधीच कळलेले बरे.

नेमणूक स्वीकारण्यापूर्वी भावी मार्गदर्शकाला पत्र लिहून काही गोष्टी विचाराव्यात. निधी किती महिन्यांचा मंजूर झाला आहे, समुद्रावर जाण्याची मोहीम खरोखर ठरली आहे की केवळ प्रस्तावात आहे, आणि नोंदी वापरून स्वतःच्या नावे शोधनिबंध लिहिता येईल का. जो मार्गदर्शक या प्रश्नांनी रागावतो त्याच्याकडे न गेलेलेच बरे. व्यापारी घरातील मुलांना हे विचारण्याचा संकोच वाटू नये. सौदा लिहून घेण्याची सवय त्यांच्या घरात आहेच.

शेवटचा प्रश्न बा विचारतील. जहाजावर जेवणाचे काय? आणि या कामात जीवहिंसा तर नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. समुद्रातील जीवांचे नमुने जाळ्याने गोळा करणे ही सागरविज्ञानाची वेगळी शाखा. घुसळण मोजणाऱ्याचे काम तापमान, क्षारता आणि वेग यांच्याशी असते. एकाच जहाजावर दोन्ही प्रकारचे संशोधक असू शकतात, पण कोणाला दुसऱ्याचे काम करावे लागत नाही. स्त्रियांचे म्हणाल, तर भारताच्या १९८३-८४ मधील तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या होत्या. ही शंका तेव्हाच मिटायला हवी होती. जेवणाचे थोडे अवघड आहे. परदेशी संशोधन जहाजांवर संध्याकाळचे जेवण बहुधा पाच-सहाच्या सुमारास असते, त्यामुळे चोविहार साधतो. परंतु बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात आणि मध्यरात्री सुरू होणारी पाळी वाट्याला आली तर दिवसाचे वेळापत्रकच उलटे होते. तेव्हा पाळी कोणती हवी, हे मोहिमेच्या प्रमुखाला आधीच कळवावे. कांदा-बटाटा टाळणाऱ्याने भात, डाळ, फळे आणि दूध यांवर निभावण्याची तयारी ठेवावी. बाकी भर घरच्या डब्याने पडते. मोहीम साधारण तीन-चार आठवड्यांची असली तर खाखऱ्याची पाकिटे किती लागतील, हा हिशेब बांनी तोपर्यंत मांडलेलाही असेल.